एक प्रदर्शन, एक रद्द कार्यक्रम : टेक्सासच्या राज्य इतिहास संग्रहालयाची गोष्ट

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं, तलवारी, नाणी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी येते. तिथे कार्यक्रम होतात, लोक येऊन बोलतात, प्रश्न विचारतात, भांडतातसुद्धा, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र गेली काही वर्षं संग्रहालयांच्या या बाजूचंच जास्त कुतूहल वाटत आलं आहे. वस्तू गप्प असतात. त्यांच्याबद्दल कोण बोलणार, किती बोलणार आणि कुणाला बोलू द्यायचं नाही, हे कार्यक्रमांत ठरतं. म्हणून आज अमेरिकेतल्या एका राज्याच्या इतिहास संग्रहालयाबद्दल लिहितो आहे. या एकाच इमारतीत पाच वर्षांच्या अंतरानं दोन अगदी उलट गोष्टी घडल्या. आपल्यालाही त्यातून घेण्यासारखं आहे.

हे संग्रहालय टेक्सास राज्याच्या राजधानीत, ऑस्टिन शहरात आहे. राज्याच्या विधानभवनापासून पायी जाण्याच्या अंतरावर. बॉब बुलक नावाच्या एका वजनदार राजकारण्याचं नाव त्याला दिलं आहे. १९९१ ते १९९९ या काळात ते राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. तिकडे गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो, म्हणजे साधारण आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. लेफ्टनंट गव्हर्नरही निवडूनच येतो आणि राज्याच्या सिनेटचं कामकाज त्याच्या हाती असल्यामुळे त्याची ताकद मोठी असते. पुढच्या गोष्टीसाठी हे पद लक्षात ठेवा.

संग्रहालय उघडलं २१ एप्रिल २००१ रोजी. ही तारीख सहज निवडलेली नाही. २१ एप्रिल १८३६ रोजी सान हासिंतोच्या लढाईत मेक्सिकोच्या सैन्याचा पराभव झाला आणि टेक्सास मेक्सिकोपासून वेगळा झाला. तो १८४५ साली अमेरिकेत सामील झाला, पण मधली नऊ वर्षं तो स्वतंत्र देश होता आणि तिथल्या लोकांना त्याचा आजही मोठा अभिमान आहे.

लोकांसमोर बांधलेलं जहाज

या संग्रहालयाची एक खासियत अशी की सुरुवातीपासून त्यानं स्वतःचा मोठा साठा न करता इतर संस्थांकडून आणि घराण्यांकडून वस्तू उसन्या आणून मांडल्या. त्यामुळे लोकांना बोलावणं, त्यांच्याशी नातं ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, मुलांसाठी हातानं करून बघायच्या गोष्टी असतात. शिवाय व्याख्यानं, चित्रपट आणि पुस्तकांवरच्या चर्चा.

यातला मला सर्वांत आवडलेला उपक्रम ‘ला बेल’ या जहाजाचा. हे एका फ्रेंच मोहिमेचं जहाज १६८६ साली टेक्सासच्या किनाऱ्याजवळ मॅटागोर्डा उपसागरात बुडालं. १९९५ साली ते सापडलं. जहाजाभोवती पाण्यात भिंत उभी करून, आतलं पाणी उपसून, कोरड्या जागेत उत्खनन करावं तसं ते काढलं. तीनशे वर्षं पाण्यात मुरलेलं लाकूड हवेत तसंच ठेवलं तर आकसतं, तडकतं. म्हणून त्यावर कित्येक वर्षं प्रक्रिया करावी लागली. मग २०१४ च्या ऑक्टोबरात त्याचे सुमारे ६०० तुकडे जोडण्याचं काम सुरू झालं, आणि तेही संग्रहालयाच्या दालनात, लोकांच्या डोळ्यांसमोर. शाळेची मुलं यायची, तज्ज्ञ एक एक फळी बसवताना बघायची.

शिक्षक म्हणून मला यात फार मोठी गोष्ट दिसते. इतिहास कुठून तयार होऊन येत नाही, तो तुकडे जुळवून उभा करावा लागतो, काही तुकडे मिळतच नाहीत, आणि जुळवताना चूक झाली तर काढून पुन्हा बसवावं लागतं. हे वर्गात दहा तास सांगूनही मुलांना पटत नाही. तिथे ते त्यांनी बघितलं. जहाजाच्या बाबतीत कुणाची हरकतही नव्हती. फळ्या जोडल्यानं कुणाचा अभिमान दुखावत नाही. खरी परीक्षा माणसांच्या इतिहासाची वेळ आली तेव्हा झाली.

येणाऱ्या काळाचं नाव असलेलं गाव

टेक्सासची दक्षिण आणि पश्चिम सीमा मेक्सिकोला लागून आहे, मध्ये रिओ ग्रांदे नदी. या पट्ट्यात मेक्सिकन वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. देशाची सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली आणि ते अमेरिकेत आले. १९१० नंतर मेक्सिकोत क्रांती पेटली. इकडे सीमेवर लूटमार, चकमकी वाढल्या. तेव्हा ‘टेक्सास रेंजर्स’ या राज्याच्या सशस्त्र दलानं आणि त्यांच्या सोबतीच्या स्थानिक टोळ्यांनी संशयावरून माणसं मारायला सुरुवात केली. अटक नाही, खटला नाही. किती मारले याचे अंदाज काही शे पासून काही हजारांपर्यंत आहेत. मारल्या गेलेल्यांत अमेरिकेचे नागरिकही होते.

त्यातलं एक गाव पोर्वेनीर. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘येणारा काळ’, भविष्य. २८ जानेवारी १९१८ च्या पहाटे रेंजर्स तिथे आले. सोबत आसपासचे काही जमीनदार होते, लष्कराचे घोडेस्वारही जवळ होते. गावातली १५ पुरुष आणि मुलं वेगळी काढून गोळ्या घालून मारली. उरलेले सुमारे १४० लोक नदी ओलांडून मेक्सिकोत पळाले. गाव संपलं.

हे प्रकरण दडपलं गेलं नाही, याचं मोठं श्रेय गावच्या शाळामास्तरला जातं. हॅरी वॉरन त्यांचं नाव. मेलेल्यांत त्यांचे सासरेही होते. त्यांनी मृतांची नावं लिहून ठेवली, वरपर्यंत पत्रं पाठवली. हजेरीपटावर नावं लिहिणाऱ्या माणसानं मेलेल्यांचीही यादी केली. आज आपल्याला ती १५ माणसं नावानिशी माहीत आहेत ती अशा नोंदींमुळे. पुढे चौकशी झाली, पाच रेंजर्सना दलातून काढलं, त्यांच्या कप्तानाला राजीनामा द्यावा लागला, ती तुकडी बरखास्त झाली. खुनासाठी मात्र एकालाही शिक्षा झाली नाही.

१९१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळातले होसे तोमास कनालेस यांनी रेंजर्सविरुद्ध १९ आरोप मांडले. मेक्सिकन वंशाचे ते तेव्हा सभागृहातले एकटेच प्रतिनिधी. त्यांना धमक्या आल्या, तरी ते मागे हटले नाहीत. समितीपुढे साक्षी झाल्या, त्याचा दीड हजारांहून जास्त पानांचा वृत्तांत तयार झाला, दलाची संख्या कमी केली गेली. पण तो वृत्तांत छापला गेला नाही. कित्येक दशकं तो लोकांपर्यंत पोचलाच नाही. सिनेमात, कादंबऱ्यांत आणि शाळेत रेंजर म्हणजे शूर, न्यायी वीर, एवढंच राहिलं.

मारल्या गेलेल्यांच्या घरांत मात्र ही आठवण राहिली. आजीनं नातवाला सांगितली, एखादा फोटो पेटीत जपला गेला. शंभर वर्षांनी काही प्राध्यापकांनी मिळून ‘विसरायला नकार’ अशा अर्थाच्या नावाचा गट काढला. त्यात इतिहासकार मोनिका मुन्योस मार्टिनेझ होत्या, बेंजामिन जॉन्सन होते, आणखी काही जण होते. त्यांनी कागद आणि घरोघरच्या आठवणी एकत्र आणल्या, आणि ते थेट राज्याच्या संग्रहालयाकडे गेले.

संग्रहालयानं दार उघडलं. जानेवारी ते एप्रिल २०१६ या काळात तिथे १९१० ते १९२० च्या सीमेवरच्या जगण्या-मरण्याचं प्रदर्शन भरलं. मारल्या गेलेल्यांचे वंशज ते बघायला आले. ज्या राज्याच्या दलानं त्यांच्या पणजोबांना मारलं, त्याच राज्याच्या इमारतीत, राज्याच्या खर्चानं, त्या मरणाची कबुली भिंतीवर लावलेली होती. पुढे २०१८ मध्ये पोर्वेनीरच्या स्मरणार्थ सरकारी पाटीही उभी राहिली, तीसुद्धा सहज नाही, बराच वाद होऊन.

यानं मेलेले परत येत नाहीत आणि शिक्षाही कुणाला होत नाही. पण घरात कुजबुजीनं सांगितलेली गोष्ट चौकात मोठ्यानं सांगता आली. ज्यांच्या आजोबांना ‘डाकू’ म्हणून मारलं, त्यांना शंभर वर्षांनी ‘तुमचं म्हणणं खरं होतं’ असं राज्याकडून ऐकायला मिळालं. हे थोडं नाही.

अलामो आणि रद्द झालेली संध्याकाळ

आता दुसरी गोष्ट. अलामो हे सान अँतोनियो शहरातलं जुनं मिशन, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांनी बांधलेली वास्तू. १८३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे आत अडकलेल्या बंडखोरांना मेक्सिकोच्या सैन्यानं तेरा दिवस वेढलं आणि ६ मार्चला जवळजवळ सगळ्यांना मारलं. टेक्सासच्या मनात या जागेचं स्थान काय आहे, हे मराठी वाचकाला फार समजावावं लागणार नाही. आपल्याकडे पावनखिंड म्हटल्यावर जे होतं, तसंच काहीसं.

रूढ कथा सरळ आहे: आत स्वातंत्र्यवीर, बाहेर जुलमी मेक्सिकन. पण कागद उघडले की गुंता दिसतो. मेक्सिकोनं १८२९ साली गुलामगिरी बंद केली होती. टेक्सासला त्यातून सूट मिळाली, पण ती किती दिवस टिकेल याची अमेरिकेतून आलेल्या कापूस उत्पादकांना धास्ती होती, कारण त्यांची शेती गुलामांवर चालत होती. १८३६ साली टेक्सास स्वतंत्र झाल्यावर त्याच्या राज्यघटनेनं गुलामगिरीला संरक्षण दिलं, आणि स्वतंत्र काळ्या माणसाला संसदेच्या परवानगीशिवाय तिथे राहायलाही मनाई केली. बंडाची कारणं अनेक होती; केंद्राची मनमानी हे एक, पण गुलामगिरी हेही होतं.

दुसरा गुंता माणसांचा. अलामोच्या आत लढून मेलेल्यांत मेक्सिकन वंशाचे स्थानिक लोकही होते. त्यांना तेहानो म्हणतात. ग्रेगोरिओ एस्पार्झा आत लढताना मारला गेला. त्याचा सख्खा भाऊ मेक्सिकोच्या सैन्याच्या बाजूनं होता, त्यानं परवानगी मागून भावाला पुरलं. हुआन सेगीन हा तेहानो अधिकारी वेढ्यातून निरोप घेऊन बाहेर पडला म्हणून वाचला. पुढे सान हासिंतोला तो आपली तुकडी घेऊन लढला, अलामोच्या मृतांची राख त्यानंच सन्मानानं दफन केली, नंतर तो सान अँतोनियोचा महापौर झाला. १८४२ साली याच माणसाला ‘मेक्सिकोचा हस्तक’ ठरवलं गेलं आणि जीव वाचवायला मेक्सिकोत पळावं लागलं. आपल्याच मातीत आपण परके ठरलो, ही खंत त्यानं पुढे आठवणींत लिहून ठेवली. त्याचे अवशेष १९७० च्या दशकात टेक्सासला परत आणून त्याच्याच नावाच्या गावात पुरले.

ब्रायन बरो, ख्रिस टॉमलिन्सन आणि जेसन स्टॅनफर्ड या तीन लेखकांनी जून २०२१ मध्ये या सगळ्यावर एक पुस्तक आणलं. अलामोची दंतकथा कशी बनली, गुलामगिरीचा मुद्दा त्यातून कसा गळला, तेहानो कसे पुसले गेले, असा त्याचा विषय. त्यांच्या काही निष्कर्षांवर अभ्यासकांचे मतभेदही आहेत, आणि असणारच. १ जुलै २०२१ रोजी संध्याकाळी लेखकांच्या एका संघटनेबरोबर बुलक संग्रहालयानं या पुस्तकावर कार्यक्रम ठेवला होता. सुमारे ३०० लोकांनी नावं नोंदवली होती. सुरू व्हायला साडेतीन तास उरले असताना संग्रहालयानं अंग काढून घेतलं.

कारण लपून राहिलं नाही. लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी स्वतः ट्विटरवर जाहीर केलं की कार्यक्रमाची माहिती मिळताच आपणच तो रद्द करायला सांगितलं, आणि इतिहासाच्या अशा फेरलेखनाला या संग्रहालयात जागा नाही. त्यांना हे करता आलं, कारण संग्रहालय ‘स्टेट प्रिझर्वेशन बोर्ड’ नावाच्या सरकारी मंडळाच्या ताब्यात आहे. गव्हर्नर त्याचा अध्यक्ष असतो; लेफ्टनंट गव्हर्नर आणि प्रतिनिधिगृहाचा सभापती हे उपाध्यक्ष.

फरक कशाचा पडला?

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. २०१६ च्या प्रदर्शनाच्या वेळीही गव्हर्नर ग्रेग ॲबटच होते आणि लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिकच होते. दोघांनी २०१५ च्या जानेवारीत पदं घेतली होती. म्हणजे मंडळाचे प्रमुख तेच, संग्रहालय तेच. मग पोर्वेनीर चाललं आणि अलामो का नाही?

माझ्या मते दोन कारणं आहेत. पहिलं, पोर्वेनीर ही विसरलेली घटना होती. ती मान्य केल्यानं राज्याची जन्मकथा हलत नव्हती. काही लोक वाईट वागले, असं म्हणून पुढे जाता येत होतं. अलामो म्हणजे जन्मकथाच. दुसरं, काळ बदलला होता. २०२१ साली अमेरिकेत वर्गात वंशभेदाचा इतिहास कसा शिकवायचा यावर मोठं रण माजलं होतं. टेक्सासमध्ये त्याच वर्षी देशभक्तीपर इतिहासाच्या प्रसारासाठी ‘१८३६ प्रकल्प’ कायद्यानं सुरू झाला. आणि गंमत बघा, टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीची बातमी मिळाली तो १९ जून १८६५ चा दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून त्याच जूनमध्ये मंजूर झाला होता. मुक्तीचा दिवस साजरा करायला हरकत नाही, पण बंधन कुणी आणि का टिकवलं हे विचारायला हरकत, अशी ती दोन आठवड्यांची कथा.

यात आणखी एक बारकावा आहे. प्रदर्शनातला मजकूर महिनोन्‌महिने तपासला जातो, शब्द घासून गुळगुळीत होतात. कार्यक्रमात तसं होत नाही. कुणी तरी उठून प्रश्न विचारतो, लेखकाला अडवतो, कुणी म्हातारा आपल्या घराची हकिकत सांगतो. सत्तेला भीती वाटते ती याची. पण अलामोचा अभिमान असणाऱ्यांचंही यात नुकसानच झालं. पुस्तक चुकीचं असेल तर लेखकांना समोर बसवून कागद दाखवून खोडून काढायची याहून चांगली संधी कुठली होती? पुस्तक काही थांबलं नाही, उलट रद्द झाल्याच्या बातमीनं ते देशभर पोचलं. थांबला फक्त समोरासमोरचा सवाल-जवाब.

आपल्या वर्गातली नजर

हे सगळं मी इतक्या तपशिलानं का लिहितो आहे? टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या अनेकांनी सांगून ठेवलं आहे की शाळेत अलामोचा धडा आला की वर्गातली नजर त्यांच्याकडे वळायची, जणू वेढा त्यांनीच घातला होता. ही नजर मला ओळखीची आहे. मराठी शाळेत शिकलेल्या कुठल्याही मुसलमान वाचकाला ओळखीची असेल. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात अफजलखानाचा धडा आला की नऊ वर्षांच्या पोराकडे मागच्या बाकावरून कोण बघतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

त्या पोराला कुणी सांगत नाही की शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या दरबारी काझी हैदर फारसीचं काम बघत होता, आणि खानाच्या बाजूनं वकील म्हणून आलेला कृष्णाजी भास्कर होता. ही नावं पुस्तकांत आहेत, काही आमच्या भाषणांतही असतात. पण भाषणातली नावं टाळ्यांपुरती राहतात. अलामोच्या आत मेलेल्या एस्पार्झाचं नाव टेक्सासच्या मुलाला वर्गात कळलं, तर मेक्सिकन आडनावाच्या सोबत्याकडे बघण्याची त्याची नजर थोडी बदलते. तीच गोष्ट दौलतखानाची.

मात्र एवढ्यावर थांबूनही चालणार नाही. सेगीनचं उदाहरण हेही सांगतं की ‘आमचेही लोक तुमच्या बाजूनं लढले’ हे प्रमाणपत्र फार काळ पुरत नाही. लढलेल्या माणसालाही सहा वर्षांत पळावं लागलं. माणसाचा आपल्या गावावरचा हक्क त्याच्या पूर्वजांनी किती रक्त सांडलं यावर ठरत नाही. तो नागरिक म्हणून असतो. इतिहासाच्या कार्यक्रमात हेही बोललं गेलं पाहिजे.

आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी संग्रहालयं आहेत. मुलांची सहल जाते, रांगेत आत जाते, रांगेत बाहेर येते. तिथे महिन्यातून एकदा सतरंजी अंथरून गावातल्या लोकांना बोलावलं तर? कुणी घरातली सनद आणेल, कुणी दर्ग्याच्या इनामाचा कागद, कुणी आजीची जात्यावरची आठवण. जाणकार मोडी आणि फारसी वाचून दाखवेल. वाद होईल, होऊ द्या. फक्त एक नियम आधीच लिहून ठेवावा लागेल: कार्यक्रम ठरवणार ते अभ्यासक आणि संग्रहालयाचे कर्मचारी, आणि मंत्र्याच्या एका फोनवर तो रद्द होणार नाही. टेक्सासमध्ये तज्ज्ञ होते, इमारत होती, पैसा होता, श्रोतेही होते. हा एक नियम नव्हता.

आणि संग्रहालय दार उघडेपर्यंत वाट बघायचीही गरज नाही. पोर्वेनीरचं प्रदर्शन २०१६ साली भरलं, पण ते शक्य झालं एका मास्तरानं १९१८ साली लिहिलेल्या यादीमुळे आणि पेट्यांत जपलेल्या फोटोंमुळे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना बसवा, विचारा, तारखेसह लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जमेल त्या भाषेत लिहा. कधी तरी कुणी तरी विचारायला येईल, तेव्हा दाखवायला कागद पाहिजे.